पाटे वाढवण्याआधी हुकावरचं वजन मोजा

प्रश्न : उन्हाळ्यात मोसंबीच्या बागेला पाणी न्यायला आमच्या पिकअपला १,००० लिटरचा दोनचाकी टँकर जोडतो. जोडला की गाडी मागून बसते, स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री समोरचे गाडीवाले डिपर मारतात. कमानवाला म्हणतो मागच्या कमानीत (लीफ स्प्रिंगमध्ये) दोन पाटे वाढवा, मुलगा म्हणतो कमानीला आधार देणारी हवेची पिशवी, म्हणजे एअर बॅग लावू. काय करावं? (ता. अंबड, जि. जालना)

उत्तर : आधी काटा, मग पाटा. रिकामा ट्रेलर ३५० किलोचा धरला तर भरलेला टँकर १,३५० किलोचा होतो. त्याच्या साधारण १० ते १५ टक्के वजन हुकावर हवं, म्हणजे किमान १३५ किलो. हूक मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) ३ मीटर असेल, तर या १३५ किलोंमुळे मागच्या अ‍ॅक्सलवर १८९ किलो वाढतात आणि पुढच्यावरचे ५४ कमी होतात. स्टिअरिंग हलकं होतं ते या ५४ किलोंमुळे.

पाटे वाढवा की एअर बॅग लावा, गाडीची मागची बाजू उचलली जाईल, हेडलाइट खाली येईल. पण पुढच्या चाकांवरचं गेलेलं वजन जवळजवळ तसंच गेलेलं राहील. ते परत आणायचं तर हूक अ‍ॅक्सलच्या जवळ घ्या आणि हौद्यातलं सामान केबिनला टेकवून ठेवा. मोंढ्यात आडतीवर असतो तसला प्लॅटफॉर्म काटा घ्या, टँकर सपाट जागी भरून उभा करा आणि ट्रेलरच्या दांडीचं टोक हुकाच्याच उंचीवर काट्यावर टेकवा. २०० किलोच्या वर भरलं तर टाकी ट्रेलरवर थोडी मागे सरकवा. १३५ च्या खूप खाली आलं तर पुढे घ्या, नाहीतर ट्रेलर शेपटी हलवायला लागेल, आणि ते कोणत्याही शॉकअपने थांबत नाही. अर्धा भरलेला टँकर नेऊ नका. पाणी पुढे-मागे धावतं आणि हुकावरचं वजन प्रत्येक ब्रेकला बदलतं.

एवढं करूनही गाडी बसत असेल तर पाटे बघा. तडा गेलेला किंवा सरळ झालेला पाटा असेल तर संच बदला. गॅसवर तापवून बाक दिलेल्या पाट्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं, तो लवकर पुन्हा बसतो. संच चांगला असेल तर एकच हेल्पर पाटा घाला, रिकाम्या गाडीत न टेकणारा. दोन सरसकट पाटे घातले तर रिकामी गाडी मुरुमाच्या रस्त्यावर उड्या मारते. यू बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे) आणि सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा) नवे आणि वाढीव जाडीला पुरतील एवढे लांब घ्या. जुने यू बोल्ट ताणलेले असतात. शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, नाहीतर बुशचं रबर पिळलेलं राहून फाटतं. ५०० किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळा.

कमानवाले एक गोष्ट हमखास विसरतात. काही पिकअपना चासीपासून अ‍ॅक्सलपर्यंत दांडी असलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. मागची उंची वाढली की तो गाडी रिकामी समजून मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी करतो. उंची बदलली तर हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाप्रमाणे सेट करून घ्याच.

प्रश्न : मग एअर बॅग घेऊच नये का?

उत्तर : रोज कधी रिकामी, कधी भरलेली गाडी चालवत असाल तर तीच बरी. दोन्ही बाजूंना वेगळे व्हॉल्व्ह ठेवा. एकाच टी-जॉइंटवर जोडल्या तर वळणावर दाबली गेलेली बॅग आपली हवा दुसरीकडे ढकलते आणि गाडी जास्त कलते. सायलेन्सरपासून अंतर ठेवा. रिकाम्या गाडीतही किटवर लिहिलेली किमान हवा राहू द्या, नाहीतर बॅग चिमटून फाटते.

प्रश्न : सस्पेन्शन दणकट केल्यावर जास्त माल भरता येईल?

उत्तर : नाही. आरसीवरचं वजन पाटे वाढवून वाढत नाही. अ‍ॅक्सल, ब्रेक, टायर तेच असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर पाट्यांचे पैसे आधी तिकडे घाला.