रजिस्टरं रद्दीत देऊ नका

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी मी एका विद्यापीठाच्या संगीत विभागात सहायक ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. पुस्तकं सगळी संगणकावर चढली आहेत. कपाटात जुन्या ॲक्सेशन रजिस्टरचे, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने दाखल करायच्या नोंदवहीचे, नऊ जाडजूड खंड पडून आहेत. काहींना वाळवी लागली आहे. जागा हवी म्हणून ते रद्दीत काढायला मला सांगितलंय. शिवाय जुन्या ग्रामोफोन तबकड्यांच्या दोन पेट्या आहेत, त्यांची नोंद पुस्तकांच्या रजिस्टरात कुठेच नाही. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रद्दीचं आधी थांबवा. बाकीचं नंतर बोलू.

मी एकतीस वर्षं संगीताच्या ग्रंथालयात काढली. आमच्याकडे संगणक आला तेव्हा दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, किंमत एवढंच चढवलं गेलं. ‘कोणाकडून’ आणि ‘शेरा’ हे दोन रकाने वेळ वाचवायला गाळले. पुढे एक बाई आल्या. त्यांच्या आजोबांनी विभागाला स्वरलिपीच्या हस्तलिखित वह्या दिल्या होत्या, त्या त्यांना बघायच्या होत्या. संगणकात आजोबांचं नावच नाही. मी चार दिवस जुने खंड चाळले आणि एका पानावर निळ्या शाईत सापडलं : ‘भेट, वह्या 14, पैकी एक पाण्याने भिजलेली.’ त्या भिजलेल्या वहीवरूनच बाकीच्या ओळखता आल्या. तो खंड रद्दीत गेला असता तर त्या चौदा वह्या म्हणजे निनावी कागद होते.

संगीत विभागात हे जास्त जपावं लागतं, कारण संग्रह पुष्कळदा विद्यापीठापेक्षा जुना असतो. बडोद्याचंच बघा. सयाजीराव महाराजांनी गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली 1886 साली आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं 1949 साली. मधली त्रेसष्ट वर्षं विद्यापीठाच्या कागदात शोधून कशी मिळणार? तुमच्याकडच्या पुस्तकांवरचे शिक्केही म्हणून वाचा. एकाच पुस्तकावर दोन-तीन संस्थांचे शिक्के असतील तर सगळे नोंदवा.

नावांचंही तसंच. संगीतशास्त्रकार भातखंड्यांचा ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ 1910 साली ‘चतुर पंडित’ या नावाने निघाला. ‘विष्णुशर्मा’ हे नावही त्यांचंच. त्यांची क्रमिक पुस्तकमालिका मुळात मराठी, पण पुढे ती हिंदीत इतकी पसरली की मुलं हिंदी प्रतच मूळ समजतात. संगणकावर भातखंडे, चतुर पंडित आणि विष्णुशर्मा हे तीन वेगळे लेखक होऊन बसलेले मी पाहिलेत. तुमच्याकडे तपासा, आणि एका नावाखाली आणताना छापलेलं नाव मात्र पुसू नका.

आता तबकड्या. तुम्ही डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे विभागातल्या टिकाऊ सामानाची नोंदवही, पाहिलंत का? बहुतेक जणांना ते सुचत नाही. तबकडी म्हणजे पुस्तक नव्हे, म्हणून जुने कारकून ती तंबोरे, तबलाजोड्या आणि लाकडी कपाटांच्या रांगेत चढवायचे. आमच्या तबकड्या मला तिथेच, एका सतरंजीच्या नोंदीखाली सापडल्या.

नोंद करताना लेबलवर जे आहे ते तसंच उतरवा. रागाचं नाव चुकीचं वाटलं तरी दुरुस्ती चौकटी कंसात, वेगळी. दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहा. लेबलवरचा क्रमांक घ्याच, शिवाय लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही घ्या. तो त्या ध्वनिमुद्रणाचा असतो. लेबल फाटलं, पुन्हा नवीन छापलं, तरी तो बदलत नाही. त्याखाली राग, ताल आणि बंदिशीचे पहिले शब्द. विद्यार्थी येतो तो शब्दच गुणगुणत येतो, क्रमांक सांगत नाही!

शक्य असेल तर प्रत्येक बाजू शेवटपर्यंत ऐका. तीन-साडेतीन मिनिटांचा तर प्रश्न आहे. 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गायिका गौहरजान गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव सांगत असे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला निघायच्या, तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावं म्हणून. नोंद गाण्यातच ठेवलेली! ती ऐकताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. आडव्या थप्प्या नकोत, उभ्या ठेवा.

रजिस्टरं आजच भिंतीपासून लांब लोखंडी कपाटात हलवा. वाळवीचे खंड वेगळे. मग पानापानाचे फोटो काढा आणि ‘कोणाकडून’ व ‘शेरा’ हे रकाने तुमच्याकडेही गाळले असतील तर ते रोज दहा नोंदी या हिशेबाने संगणकावर चढवा. वरिष्ठ ऐकत नसतील तर निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू दप्तरातून कमी करण्याचा, लेखी आदेश मागा. तोंडी सांगण्यावरून एकही खंड हलू देऊ नका.

आणि पहिल्या खंडातली पहिली नोंद कोणत्या पुस्तकाची आहे, ते मला नक्की कळवा.