पिवळा का केशरी

प्रश्न : मावशी नमस्कार, मी सोलापूरची, वय ४३, अशोक चौकाच्या मागं राहते. माझा धाकटा भाऊ मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गेला. हार्ट अटॅक, वय ३९. सकाळी चहा पिऊन कारखान्यात गेला आणि दुपारी फोनच आला. चादरीची डिझाईन काढायचा तो. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं पण आधी ग्राफ पेपरवर पेन्सिलनं काढल्याशिवाय त्याचं डोकंच चालायचं नाही. लहानपणी मी दारात ठिपक्यांची रांगोळी काढायचे तेव्हा शेजारी बसून ठिपके मोजायचा, रंग चुकला की म्हणायचा काय बे ताई.

परवा भावजयीबरोबर कपाट आवरताना त्याचा एक ग्राफ सापडला. गड्ड्यातल्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या मिरवणुकीच्या काठ्या, सात नंदीध्वज काढायचे होते, चार पूर्ण, पाचवा अर्धा. कोपऱ्यात लिहिलंय 'पिवळा का केशरी, ताईला विचार'. विचारायचं राहूनच गेलं. तो कागद मी घरी आणला आणि आता रात्री सगळे झोपले की एकेक चौकोन रंगवत बसते. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी करावंसं वाटतंय. पण मधेच लाज वाटते, भाऊ गेला आणि मला यात मजा येतीय. जाऊबाई म्हणतात गेलेल्या माणसाचं अर्धवट काम घरात ठेवू नये. बाकी सगळे म्हणतात तू मोठी आहेस, आईकडं बघ, पोरांकडं बघ. यंदा गड्ड्याला जावं का नाही तेही कळेना. काय करू?
— एक बहीण, सोलापूर

उत्तर : अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कोपऱ्यातल्या ओळीपाशी थांबले. त्यावर शेवटी येते.

आधी ते 'आईकडं बघ' बद्दल. माझी अक्का गेली तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकानं मला हेच सांगितलं, आईला सांभाळ, भाऊजींना सांभाळ, आणि मी चहा करत राहिले. तेरा दिवस नुसता चहा. तू कशी आहेस हे एकीनंच विचारलं, ती दूध घालणारी बाई. भाऊ-बहीण गेले की आपल्याकडं मागं उरलेल्या भावंडाचं दुःख दुसऱ्या नंबरचं धरतात. आईचं लेकरू गेलं, बायकोचा नवरा गेला, ते खरंच मोठं आहे, पण तुझं बालपण पाहिलेला साक्षीदार गेला त्याचं काय. अंगणात कुठल्या फरशीवरून ठिपके सुरू व्हायचे हे आता फक्त तुलाच माहीत, चुकलीस तर काय बे म्हणणारं कुणी नाही. आणि थोरल्याला तर वाटतं की आपला नंबर आधी होता. निवृत्तीनाथांचंच बघ ना, १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतली, मग सोपान गेले, मुक्ताई गेली, आणि हा थोरला गुरू असूनही सगळ्यांच्या मागं राहिला. वारकऱ्यांनी त्या चौघांना कधी वेगळं केलं नाही, एका दमात नावं घेतात.

आता जाऊबाई. त्यांना म्हणावं, अर्धवट काम ठेवायचं नसेल तर भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक काय करायचं? माणूस १९३८ साली चीनला जखमींची सेवा करायला गेला आणि १९४२ च्या डिसेंबरात तिकडंच वारला, वय ३२. सगळंच अर्धवट. सोलापूरनं जपलंच की. (हे अगदी असंच तोंडावर नको सांगूस, सणासुदीला भेटायचंय तुम्हाला.)

आणि मजा येते त्याची लाज. तुला भाऊ गेल्याची मजा येत नाहीये, तो ज्यात रमायचा त्यात तू रमतीयेस. माझी अक्का मासिक आलं की असली प्रश्नोत्तरं मोठ्यानं वाचायची आणि छापलेलं उत्तर वाचायच्या आधी स्वतःचं उत्तर ठोकून द्यायची, बहुतेक वेळा छापलेल्यापेक्षा बरं असायचं. ती गेल्यावर वर्षभर मी मासिक उघडलं नाही. मग एक दिवस उघडलं, प्रश्न वाचला आणि तोंडातून आपोआप तिच्याच सुरात उत्तर आलं, आणि मी हसले, एकटीच, स्वयंपाकघरात. त्यातूनच हे सदर सुरू झालं. दुःख कमी झालं असं नाही, पण त्याला काहीतरी काम मिळालं.

पण एक गोष्ट तू पत्रात गुळमुळीत ठेवलीस. तो कागद तू भावजयीला विचारून आणलास का? नसशील तर उद्याच जा. मूळ कागद तिचा आणि पोरांचा, तू मोठी झेरॉक्स काढून तिच्यावर रंगव. कदाचित तीही कुठल्यातरी शर्टाची घडी मोडत नसेल, तुमचं बोलणं झालं तर कळेल.

चादर विणून घ्यायची इच्छा असेल तर त्याच्या बरोबर काम करणाऱ्या कुणाला तरी तो ग्राफ दाखव. जकार्डावर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, ग्राफातला एक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा भेटतात ती जागा, भरलेला चौकोन असेल तर उभा धागा वर उचलायचा, आणि जुन्या पद्धतीत आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक पंच केलेलं कार्ड लागायचं. म्हणून एका चादरीसाठी माग लावायला कुणी पटकन तयार होईल असं नाही, नाही म्हणाले तर मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्याकडं तुझी स्वतःची कला आहे की. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळ्या घालतातच, तिथं दोन हात जागा बघ आणि त्याचा पाचवा नंदीध्वज जमिनीवर काढ. भाच्यांना ठिपके मोजायला बसव.

गड्ड्याला जायचं का, तर जा, पण सगळं एका दिवसात नको. अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाला, संमती कट्ट्यापाशी श्वास घ्यायला जागा नसते आणि पांढऱ्या बाराबंदीतला प्रत्येक माणूस पाठमोरा आपलाच वाटतो, हे मी अनुभवानं सांगते. पहिल्या वर्षी सकाळी लवकर नुसतं दर्शन घे, तळ्याकाठी बस, घरी ये. रडू आलं तर रड, 'हर्र बोला हर्र'च्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. पाळणे, भेळ, ते पुढच्या वर्षी.

आणि झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, आपणही जावं असं मनात येत असेल तर एकटी बसू नकोस. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडंही जा. रंगकाम चालू ठेवूनच जा.

तर ती कोपऱ्यातली ओळ. तू म्हणतेस विचारायचं राहून गेलं. अगं, त्यानं विचारलंय की, लिहून ठेवलंय पेन्सिलनं. उत्तर तुझ्याकडं अडकलंय. पिवळा का केशरी, ठरलं की मलाही कळव.