थेरपिस्टसमोर ‘त्याला जिवंत सोडणार नाही’ म्हटलं, तर ते पोलिसांना कळवतील का?

बांधाच्या वादात चुलतभावाबद्दल असं बोलून गेलात आणि आता पुढच्या सेशनला जायची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. कृपया जा. केवळ एका वाक्यावर सहसा कुणी पोलिसांना फोन करत नाही.

रागाची वाफ बाहेर पडतेय की मनात बेत शिजतोय, हे थेरपिस्टला आधी ओळखायचं असतं. त्यामुळे प्रश्न सरळ येतात. नेमकं कोणाला, कधी, कशानं? कोयता किंवा बंदूक हाताशी आहे का? त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा पाहून ठेवल्यात का? अशी तयारी कितीही शांतपणे सांगितली तरी ती आरडाओरड्यापेक्षा गंभीर धरतात. मग मागचं विचारतात: पूर्वी कुणावर हात उचललाय का, दारू किती, ‘मार त्याला’ असे आवाज कानात येतात का. धमकी बायकोबद्दल असेल, तर आधी कधी तिचा गळा दाबला होता का, हे विचारायलाच हवं. ती फार वाईट खूण आहे. हिंसेचा धोका जोखायच्या ‘एचसीआर-२०’ या साधनात असे २० मुद्दे आहेत: १० भूतकाळाचे, ५ सध्याच्या मनःस्थितीचे, ५ पुढच्या परिस्थितीचे. त्यांची बेरीज करून निकाल लावायचा नसतो, सगळं एकत्र पाहून मत बनवायचं असतं.

नवख्यांची चूक इथे होते. ‘तुम्ही तसं काही करणार नाही ना?’ असं विचारलं की समोरचा ‘नाही’च म्हणतो. ‘हिंसा करणार नाही’ असं कागदावर लिहून घेतल्यानंही कुणी थांबत नाही.

धोका कमी वाटला तर सेशन जवळजवळ ठेवतात. त्याहून जास्त वाटला तर तुमच्या संमतीनं घरातलं भरवशाचं माणूस सोबत घेतात, कोयता दुसऱ्याच्या घरी ठेवायला सांगतात, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. तुमचे शब्द जसेच्या तसे नोंदवून त्याच दिवशी वरिष्ठांचा सल्ला घेतात.

धोका अगदी जवळ आलेला दिसला, तरच गोपनीयता मोडायचा प्रश्न येतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार दुसऱ्याला इजेपासून वाचवण्यासाठी माहिती देता येते, पण तेवढ्यापुरतीच. तुमचं बालपण, तुमचा संसार, यातलं काही नाही. ही परवानगी आहे. कॅलिफोर्नियात मात्र संभाव्य बळीचं रक्षण करणं हे थेरपिस्टचं कर्तव्य ठरलं, ते १९७६ च्या टॅरासॉफ निकालानं. त्या प्रकरणात एका तरुणानं टॅरासॉफ नावाच्या मुलीला मारायचा बेत थेरपिस्टला सांगितला होता, आणि थेरपिस्टनं विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलंही होतं. त्यांनी तरुणाला विचारपूस करून सोडलं, मुलीला कुणीच सावध केलं नाही, आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये तिचा खून झाला. म्हणून मला वाटतं, ‘पोलिसांना सांगितलं’ एवढ्यानं थेरपिस्टचं काम संपत नाही.

पुढच्या भेटीत विषय तुम्हीच काढा: ‘मागच्या वेळी मी जे बोललो त्यावर बोलायचंय. कोणती गोष्ट तुम्ही बाहेर सांगाल आणि कोणाला?’ याचं उत्तर त्यांनी पहिल्याच भेटीत द्यायला हवं होतं; दिलं नसेल तर आता मागा. आणि मधल्या काळात डोकं फिरलं, पाय त्याच्या घराकडे वळू लागले, तर आधी तिथून लांब जा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.