जरदोजीचा हात घेऊन ग्लासगोला यायचं म्हणतेस?

ताई म्हणालीस, म्हणून सरळ अगं-तुगंच करते. तू विचारलंस की पुण्यात आठ वर्षं जरदोजी केली आहे, आता ब्रिटनमध्ये चर्चची जुनी भरतकामं दुरुस्त करायला शिकायचंय, तर या हातावर भागेल का?

हात कामाला येईल. पण पहिलं वर्ष तोच हात आवरण्यात जाईल. मला सरावाला एक जुना पट्टा दिला होता, जर सुटून लोंबत होती. मी वरून नवी चकचकीत जर बसवली आणि शाबासकीची वाट बघत बसले. शिक्षिकेने चार संध्याकाळी बसवून ती सगळी उसवायला लावली. सुटलेलं जिथे आहे तिथेच धरून ठेवायचं, आणि आपला प्रत्येक टाका उद्या दुसऱ्या कुणाला काढता आला पाहिजे, हा इथला नियम.

सुरुवातीला मला तो जाच वाटला. मग 13व्या-14व्या शतकातलं इंग्लिश काम भिंगाखाली बघितलं. आपण जर कापडावर ठेवून वरून टाका घालतो, तो टाका दिसतो. त्यांचा लिननचा दोरा मागून वर येतो, जरीला वेढा घालून त्याच भोकातून खाली जातो आणि जरीचा इवलासा फास मागे ओढून नेतो. समोर नुसतं सोनं, टाका गायब! शिवाय कापड बिजागरीसारखं वळतं, म्हणून एवढा जड झगाही अंगावर नीट पडतो. आपण तिथे नवी सुई घातली की ती जुनी भोकं गेली, आणि काम कसं केलं होतं याचा पुरावाही गेला.

सगळंच इतकं जुनं नसतं. 19व्या शतकातला माल जास्त येतो आणि तोच जास्त रडवतो. रेशीम वजनावर विकलं जाई, म्हणून त्यात कथिलाचे क्षार मुरवत. असा एक पांढरा झगा मी उलगडला, तर अस्तर वहीत ठेवलेल्या जाळीदार पिंपळपानासारखं फाटत गेलं. वरची जर मात्र ठणठणीत! अशा फाटलेल्या रेशमावर पातळ रेशमी जाळी त्याच छटेत रंगवून पांघरायची आणि वाकड्या सुईने, केसाएवढ्या दोऱ्याने टाचायची. तीन आठवड्यांत वीतभर.

शिक्षणाचं म्हणशील तर ग्लासगो विद्यापीठाचा जुन्या कापडांच्या जतनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बघ. हेच शिकवणारं विंचेस्टरचं केंद्र 2009 मध्ये बंद पडलं, त्यानंतर 2010 मध्ये हे इथे सुरू झालं. बारावीनंतर रसायनशास्त्राला रामराम ठोकला असशील तर आधी ते घासून काढ. रंग, धागे, धुण्याचं पाणी, सगळं त्यावरच चालतं. हॅम्प्टन कोर्टमधली रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क 1872 पासूनची आहे, नावाजलेली आहे, पण तिथे मुख्यतः भरतकाम करायला शिकवतात. तुला ते येतंच.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. जागा थोड्या, बऱ्याचशा वर्षभराच्या कंत्राटावर, आणि त्याही संग्रहालयांत. चर्चचा पैसा आधी गळक्या छपरात जातो. शिक्षणानंतर राहण्याच्या व्हिसालाही 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तरांना दोनऐवजी दीडच वर्ष मिळणार आहे. घरचं कर्ज काढून येणार असशील तर हे आईबाबांना आधी सांग.

त्याआधी एक कर. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. तिथली पाद्र्यांची भरजरी वस्त्रं बघायला दोन दिवस काढ, भिंग घेऊन जा. दमट हवेत जर कुठे काळवंडली आहे आणि रेशीम कुठल्या घडीवर तुटलंय, ते टिपून ठेव. तेवढं बघताना कंटाळा आला नाही तर मला लिही. आणि तुझ्या कामाचा फोटो पाठवशील तो मागच्या बाजूचा पाठव.