शेकडो टेराबाइटच्या सर्व्हरवर जागा नेमकी कोण खातंय, हे कसं शोधायचं?

झेडएफएस या फाइलसिस्टिमचा (डिस्कवर फाइल्स मांडून ठेवणारी व्यवस्था) सर्व्हर ९५ टक्के भरलाय, त्यावर १० कोटी फाइल्स आहेत आणि एनएफएसवरून (म्हणजे नेटवर्कवरून) लावलेला डीयू (फोल्डर्सनी घेतलेली जागा मोजणारी कमांड) दोन दिवस झाले तरी संपत नाही, असं तुम्ही लिहिलंय. डीयू अडकलेला नाही. तो प्रत्येक फाइलची माहिती वेगळी मागतो. एका फाइलला १ मिलिसेकंद धरला तरी १ लाख सेकंद होतात, म्हणजे जवळपास २८ तास. डिस्कवर इतर कामाचा ताण असेल तर आणखी. इथे टेराबाइटपेक्षा फाइल्सची संख्या नडते.

म्हणून सगळी फोल्डर्स पालथी घालण्याआधी फाइलसिस्टिमलाच विचारा. सर्व्हरवर ‘झेडएफएस लिस्ट -ओ स्पेस’ चालवा. प्रत्येक डेटासेटमध्ये (झेडएफएसच्या स्वतंत्र विभागात) चालू डेटा किती आणि स्नॅपशॉट (डेटाच्या त्या-त्या वेळच्या गोठवलेल्या प्रती) किती, हे काही सेकंदांत दिसतं. ‘झेडएफएस यूजरस्पेस’ कोणत्या वापरकर्त्याने किती जागा घेतली ते सांगतं. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

स्नॅपशॉटचा आकडा मोठा असेल तर फाइल्स पुसत बसू नका, जागा सुटणार नाही, कारण पुसलेला डेटा स्नॅपशॉट धरून ठेवतात. एक गोष्ट हमखास फसवते: प्रत्येक स्नॅपशॉटसमोरचा आकडा फक्त त्याच्या एकट्याच्या ब्लॉकचा (डिस्कवरच्या डेटाच्या तुकड्यांचा) असतो. जे ब्लॉक दोन-तीन स्नॅपशॉटमध्ये सामायिक आहेत, ते कुणाच्याच नावावर दिसत नाहीत. त्यामुळे यादीत सगळे किरकोळ वाटतात आणि एकूण मात्र कित्येक टेराबाइट भरतं. पहिल्या आणि शेवटच्या स्नॅपशॉटच्या नावांमध्ये % चिन्ह घालून ‘झेडएफएस डिस्ट्रॉय -एनव्ही’ चालवा. तेवढी साखळी काढली तर किती जागा सुटेल ते कळतं. त्यातला ‘एन’ विसरू नका, नाहीतर स्नॅपशॉट खरोखर पुसले जातील.

चालू डेटाच जास्त असेल तर एनसीडीयू (डीयूसारखीच, पण निकाल चाळून बघता येणारी कमांड) लावा, पण एनएफएसवरून नको, थेट सर्व्हरवर. ‘-एक्स’ दिलं की तो दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये शिरत नाही. मात्र झेडएफएसचा प्रत्येक डेटासेट ही वेगळी फाइलसिस्टिम, म्हणून डेटासेटगणिक वेगळा चालवावा लागतो. ‘-ओ’ने निकाल फाइलमध्ये साठवा आणि नंतर ‘-एफ’ने हवा तेव्हा उघडा, म्हणजे पुन्हा मोजणी नको. वेळ वाचवायला एकाच डेटासेटची फोल्डर्स वेगवेगळी मोजलीत तर हार्डलिंक असलेल्या (एकाच डेटाला अनेक नावं असलेल्या) फाइल्स दोनदा धरल्या जातात. हार्डलिंकवर चालणाऱ्या बॅकअपमध्ये हा फरक प्रचंड असतो.

एवढं करूनही हिशेब जुळला नाही तर सर्व्हरवर ‘एलएसओएफ +एल१’ चालवा: पुसलेल्या, पण एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) अजून उघड्या धरलेल्या फाइल्स त्यात सापडतात. ती प्रोसेस रीस्टार्ट केली की त्यांची जागा मोकळी होते.