आमच्यामागे याचं कसं होणार?

दर आठवड्याला मानसिक आजार असलेल्या कुणाचे तरी आई-वडील हाच प्रश्न घेऊन समोर बसतात. "ताई, आम्ही आहोत तोवर ठीक. पुढं काय? कायमचं ठेवून घेतील असं एखादं ठिकाण सांगा ना."

त्या काकूही हेच म्हणत आल्या. मुलगा अडतीस वर्षांचा, पंधरा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, म्हणजे इतरांना न येणारे आवाज ऐकू येऊ शकतात असा मानसिक आजार. गोळ्या नियमित, पण दिवसभर खोलीतच.

"गल्लीत कुणाला माहीत आहे?"

"छे! कुणालाच नाही. लोकांना कशाला सांगायचं?"

तीन भेटी आम्ही इथंच अडून होतो. मी रेटलं नाही. शेवटी म्हटलं, "एकालाच सांगा. कुणाला, ते तुम्ही ठरवा."

पुढच्या वेळी काकू खुर्चीत टेकायच्या आधीच बोलू लागल्या. दळण टाकताना त्यांनी गिरणीवाल्या अण्णांना सांगितलं होतं. अण्णा डबा ठेवता ठेवता म्हणाले, "वहिनी, ठाऊक आहे मला. मागं रात्री तो एसटी स्टँडवर बसला होता, तेव्हा मीच दारापर्यंत सोडला. तुम्ही बोलला नाहीत, मग मी कसं विचारणार?"

काकूंना पुढं बोलवेना. मीही गप्प बसले. समाजाधारित सेवा, म्हणजे रुग्णाला रुग्णालयाबाहेर आपल्याच वस्तीत मिळणारा आधार, ही शासनाची योजना, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. योजना हवीच, पण अण्णांसारखी माणसं आधीपासून असतात. आपण बोलण्याची ती वाट बघत असतात.

मुलगा आता रोज दोन तास गिरणीत डब्यांवर नावं लिहितो. मला म्हणाला, "गिरणी चालू असली की कानातले आवाज दबतात." हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

असाच प्रश्न पडलेल्या घरांना माझं सांगणं आहे. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. झोप उडणं, जेवण टाळणं, एकट्यानं पुटपुटणं, अशा आजार उलटण्याच्या खुणा घराबाहेरच्या दोघा-तिघांना सांगून ठेवा. अडलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे. घरातली सततची टीका आजार उलटवते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 माहीत करून घ्या. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणानं कुणालाही रुग्णालयात ठेवून घेता येत नाही, असं त्याचं कलम 19 सांगतं. कलम 14 प्रमाणे रुग्ण साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत साथ देणारी व्यक्ती, स्वतः नेमू शकतो. त्या व्यक्तीची संमती मात्र लागते.

तो कागद आम्ही माझ्याच टेबलावर लिहिला. काकूंच्या मनात लेकीचं नाव होतं. मुलानं पेन हातात घेतलं, बराच वेळ थांबला आणि आतेभावाचं नाव लिहिलं.

"तोच का रे?" काकूंनी विचारलं.

"तो माझ्यावर ओरडत नाही."

काकूंनी कागद स्वतःकडे ओढला, ते नाव दोनदा वाचलं आणि पर्समधून मोबाइल काढून भाच्याला फोन लावला.