केळी विम्याची भरपाई मंजूर झाल्याचा फोन आला, ओटीपी मागतात. द्यावा का?

अजिबात देऊ नका, भाऊ. रावेर-यावलकडे वादळात बाग आडवी झाली की असे फोन हमखास सुरू होतात. समोरचा गोड बोलतो, तुमचं नाव-गावही बरोबर सांगतो, पण तेवढ्यावर भुलू नका. ती माहिती कुठूनही मिळते.

हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई मुख्यतः हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते, वादळ-गारपिटीसाठी पंचनामा होतो. पैसे थेट खात्यात येतात. मधे 'फाईल पुढे सरकवणारा' कोणी नसतो, 'प्रोसेसिंग फी'ही नसते.

आणि हे पक्कं: यूपीआय पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच नाही. 'एक रुपया पाठवून खातं तपासतो' म्हणत आलेल्या रिक्वेस्टवर पिन टाकला की गेले पैसे. व्हॉट्सॲपवर 'लाभार्थी यादी' म्हणून एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) आली तर उघडूच नका, तुमचे मेसेज परस्पर वाचले जातात.

खरंखोटं करायचं तर फोन ठेवून स्वतः १४४४७ या पीक विमा हेल्पलाइनवर विचारा, नाहीतर तालुका कृषी कार्यालय गाठा. ओटीपी देऊन बसला असाल तर उत्तरं वाचत बसू नका. आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मग बँकेला सांगून खातं गोठवा.